साखर ६.४ आली, सगळे अभिनंदन करतायत. मग मी पहाटे तीनला घामाने भिजून का उठते?

आठगोळ्या (धागाकर्ती)

वय ५४. डायबेटिसला १७ वर्षं झाली. मागोमाग ब्लडप्रेशर आलं, मग थायरॉईड, चार वर्षांपूर्वी आमवात, आणि आता किडनीचं 'थोडंसं' काहीतरी आहे म्हणतात. थोडंसं म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही.

सहा महिन्यांपूर्वी एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब सांगणारी रक्ततपासणी) ८.१ होतं. परवा ६.४ आलं. शुगरचे डॉक्टर खूश, घरचे खूश. पण गेला महिनाभर पहाटे अडीच-तीनला जाग येते, उशी घामाने ओली. धडधड नाही, थरथर नाही. सकाळी डोकं जड, दिवसभर अंगात त्राण नाही. सांध्यांच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले वयाचं असेल, गायनॅककडे जा. गायनॅक म्हणाल्या, पाळी जाऊन पाच वर्षं झाली, आता हे नको व्हायला. बीपीवाले म्हणाले, प्रेशर उत्तम आहे.

औषधं: मेटफॉर्मिन १ ग्रॅम दोनदा, ग्लिमेपिराइड २ मिग्रॅ सकाळी, ग्लार्जिन इन्सुलिन रात्री २४ युनिट, टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोन एकत्र गोळी, मेटोप्रोलॉल, थायरॉक्सिन ७५, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, लोह, कॅल्शियम. गुडघा फार ठणकला तर डायक्लोफेनॅक. (आयडी घेतला तेव्हा आठ होत्या. आता दुखऱ्या दिवशी अकरा भरतात. आयडी बदलता येतो का हो?)

प्रश्न एवढाच की यातलं काय कुणाला विचारायचं?

रफवही

पहिलं काम: आज रात्री तीनचा गजर लावा आणि बोटातून साखर बघा. त्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटाला गोडाचा अंश असला तरी मीटर खोटं बोलतं, माझं एकदा १०० ने बोललं होतं.

मी टाइप १, ३१ वर्षं जुना. तुमचं वर्णन वाचून माझी शंका सरळ आहे, झोपेत साखर खाली जातेय. धडधड-थरथर नाही म्हणून तुम्ही ती शक्यता सोडलीत, पण मेटोप्रोलॉल चालू आहे ना? साखर पडली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, त्यानेच छाती धडधडते आणि हात कापतात. मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर, तो नेमका तोच निरोप अडवतो. घामाची तार मात्र वेगळ्या रसायनावर चालते, तिला हे औषध हात लावत नाही. म्हणून घाम येतो आणि बाकी सगळं शांत.

७० च्या खाली आलं तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून, १५ मिनिटांनी परत मोजा, चढलं नसेल तर परत तेवढंच. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रेंगाळत चढते. उशाशी ग्लुकोज ठेवा, स्वयंपाकघरापर्यंत चालत जायचं नाही त्या अवस्थेत.

शिस्तप्रिय

६.४ म्हणजे सुवर्णपदक आहे ताई! लोक याच्यासाठी झुरतात. उगाच घाबरू नका. मी रोज पहाटे आठ किलोमीटर चालतो, तीन वर्षांत दोन गोळ्या बंद झाल्या. शेवटी सगळं आपल्या हातात असतं. गोळ्यांवर चर्चा करण्यापेक्षा चाला.

सुन्नतळवे

@शिस्तप्रिय, चालायला माझी ना नाही. पण दोन वर्षांपूर्वी मीही अशीच जोमात चालले होते. तळव्यांना संवेदना कमी, त्यामुळे बुटात शिवण टोचतेय हे कळलंच नाही. घरी आल्यावर मोज्यावर रक्त दिसलं. जखम भरायला पाच महिने, त्या पाच महिन्यांत चालणं पूर्ण बंद, साखर वर, वजन वर. एका आजारावरचा सल्ला दुसऱ्या आजाराच्या अंगाशी येतो तो असा.

धागाकर्तीला आमवात आहे हे वाचलंत ना? सूज चढलेल्या दिवशी तिला जिना उतरणं म्हणजे तुमचे आठ किलोमीटर.

शिस्तप्रिय

दिलगीर आहे. चालण्याच्या पुढचं वाचलं नव्हतं.

आठगोळ्या

काल रात्री ३.१०: ५८.
घाम नव्हता, डोकं फक्त रिकामं वाटत होतं. गजर नसता तर उठलेच नसते. ग्लुकोज घेतलं, १५ मिनिटांनी ८१. नवरा शेजारी घोरत होता. त्याला उठवायला हवं होतं, हे मागाहून सुचलं.

रफवही, आभार. पण मग ६.४ कसं? रोज सकाळी उपाशीपोटी ११०-१२० येते.

पडद्यामागे

मी फार्मासिस्ट आहे. डॉक्टर नाही, डोस सांगणार नाही, पण प्रश्न काय विचारायचे ते सांगू शकते.

एक. तुमचे क्रिएटिनिनचे शेवटचे दोन आकडे काय आहेत? रिपोर्टवर त्याच्या खाली ईजीएफआर (किडनी किती गाळतेय त्याचा अंदाज) लिहिलेला असतो, तो द्या.
दोन. हिमोग्लोबिन किती, लोह कधी सुरू झालं?
तीन. गेल्या वर्षभरात कुठलं औषध *बंद* झालं का? लोक चालू औषधांची यादी देतात, बंद झालेल्यांची कुणी देत नाही. आणि बऱ्याचदा घोडं तिथंच पेंड खातं.

आठगोळ्या

क्रिएटिनिन गेल्या वर्षी १.१, ईजीएफआर ६०. महिन्यापूर्वी १.६, ईजीएफआर ३८. पोटॅशियम ५.३.
हिमोग्लोबिन ८.९ होतं, तीन महिन्यांपूर्वी लोह सुरू केलं, आता १०.८.
बंद झालेलं... अहो, प्रेडनिसोलोन होती. आमवात भडकला तेव्हा सात महिन्यांपूर्वी १० मिग्रॅ सुरू केली होती, हळूहळू कमी करत दोन महिन्यांपूर्वी बंद. ती तर संपली म्हणून यादीत लिहिली नाही.

पडद्यामागे

ताई, बसून वाचा.

प्रेडनिसोलोन म्हणजे स्टेरॉइड, आणि स्टेरॉइडने साखर चढते. सकाळी घेतली तर दुपारपासून संध्याकाळपर्यंत जास्त. तुमचं ८.१ त्याच दिवसांतलं आहे. इन्सुलिन २४ युनिटवर तेव्हाच गेलं असणार. आधी किती होतं?

आठगोळ्या

१४.

पडद्यामागे

झालं तर. स्टेरॉइड एका डॉक्टरांनी चढवली, त्यामुळे चढलेल्या साखरेवर दुसऱ्यांनी इन्सुलिन वाढवलं. पहिल्यांनी स्टेरॉइड व्यवस्थित, पायरीपायरीने उतरवली. उतरवल्याचं दुसऱ्यांना कळलंच नाही. इन्सुलिन राहिलं वरच्याच मजल्यावर. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, चूक मधल्या जिन्यात आहे.

त्यात किडनी. बाहेरून टोचलेलं इन्सुलिन शरीरातून काढण्याचं मोठं काम किडनी करते. ती मंदावली की तेच युनिट जास्त वेळ काम करत राहतं. ग्लिमेपिराइडचंही तसंच, त्याचे अवशेष साचतात. म्हणून जुन्या डायबेटिसवाल्याची साखर एकाएकी 'सुधारली' की मी आधी क्रिएटिनिन विचारते. आहारात, वजनात, औषधात काही न बदलता साखर खाली आली तर ती नेहमीच चांगली बातमी नसते.

शिवाय हायड्रॉक्सीक्लोरोक्विन. ते सांध्यांसाठी असलं तरी थोडी साखर उतरवतं, इन्सुलिन घेणाऱ्याने हे लक्षात ठेवायचं असतं. त्याचा डोसही किडनी बघून ठरतो आणि त्यासाठी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा लागतो. तुम्हाला पडदा डायबेटिससाठीही तपासायचाच आहे, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दोन्ही कारणं सांगा, एका कारणाची तपासणी दुसऱ्याला पुरत नाही.

आता ६.४. एचबीए१सी म्हणजे लाल पेशींना चिकटलेली साखर. पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून तो दोन-तीन महिन्यांचा हिशेब. लोह कमी असताना पेशी जुन्या होत राहतात आणि आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. लोह सुरू केलं की नव्या कोऱ्या पेशींची फौज येते, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, आकडा खाली दिसतो. म्हणजे तुमचं ८.१ थोडं फुगलेलं असेल आणि ६.४ थोडं चेपलेलं. दोन्ही टोकं हललेली, आणि औषध मात्र त्यांच्यावर बेतलेलं.

मेटफॉर्मिन: ईजीएफआर ४५ च्या खाली गेलं की डोस कमी करायचा विचार करतात, ३० च्या खाली बंदच. तुम्ही ३८ वर दिवसाला २ ग्रॅम घेताय. हे आजच विचारा. आणि इतकी वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे तर बी१२ कधी तपासलंय?

डायक्लोफेनॅकवर वेगळं लिहिते, चहा झाला की.

रफवही

सरासरीचं आणखी एक. ६.४ म्हणजे सरासरी १३७ च्या आसपास. दिवसाला ५८ आणि २१६ अशा दोनच वेळा आल्या तरी सरासरी तीच. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे म्हणून कुणी डोळे मिटून पाण्यात उतरत नाही.

सेन्सर लावता आला तर दोन आठवडे लावा. फक्त तो रक्तातली नाही, पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर बघतो, त्यामुळे पाच-पंधरा मिनिटं मागे असतो. साखर भराभर पडत असेल तेव्हा बोट टोचूनच खात्री करायची.

पडद्यामागे

डायक्लोफेनॅक. टेल्मिसार्टन किडनीच्या गाळणीतून रक्त बाहेर पडायची वाट सैल करतं, क्लोरथॅलिडोन पाणी कमी करतं, आणि ही वेदनाशामक गोळी रक्त आत यायची वाट आवळते. तिन्ही एकत्र आली की किडनीच्या गाळणीवरचा दाबच जातो. उन्हाळा, जुलाब, उलट्या यांत तर फारच. पोटॅशियम ५.३ ला टेल्मिसार्टन आणि ही गोळी दोघांचा हात असू शकतो. टेल्मिसार्टन *स्वतःहून* बंद करू नका, लघवीत प्रथिनं जात असतील तर तेच किडनीचं रक्षण करतं. आधी जायची ती वेदनाशामक, आणि तिच्याबदली काय, ते सांध्यांच्या डॉक्टरांना विचारून.

ही गोळी चिठ्ठीवर नसतेच, काउंटरवर मागून घेतात. म्हणून किडनीच्या डॉक्टरांना तिचा पत्ता नसतो.

आणि थायरॉक्सिन, लोह, कॅल्शियम तुम्ही एकत्र घेत नाही ना?

आठगोळ्या

... घेते. सकाळी सगळ्या एकदम. मोकळी होते.

पडद्यामागे

थायरॉक्सिन उपाशीपोटी, पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास. लोह आणि कॅल्शियम त्यानंतर निदान चार तासांनी. नाहीतर थायरॉक्सिन आतड्यातच बांधलं जातं, टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीतला आकडा) वाढतो, आणि पुढच्या वेळी ७५ चे १०० होतात. थायरॉईड कमी पडलं की इन्सुलिनही शरीरात जास्त रेंगाळतं. तुमच्या अंगातलं त्राण जाण्यात याचाही वाटा असेल. वेळ बदलली की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच परत बघायला सांगा.

निसर्गवेडा

या सगळ्या रासायनिक जंजाळाऐवजी एक वनौषधी चूर्ण आहे, माझ्या मामांची साखर

पडद्यामागे

ईजीएफआर ३८ असताना ज्यात काय आहे ते पुडीवर लिहिलेलं नाही असं काहीही पोटात घालायचं नाही. मामांना शुभेच्छा.

बाबांचामुलगा

शांतपणे वाचत होतो, पण आता लिहितो. बाबा ७८. डायबेटिस, हार्ट फेल्युअर, प्रोस्टेट, आणि हल्ली विसरभोळेपणा. दोन वर्षांपूर्वी मी त्यांचा एचबीए१सी ६.५ च्या आत ठेवायचाच असा पण केला होता. तक्ता, रंगीत पेनं, सगळं. एका सकाळी ते बाथरूमच्या दारात पडलेले सापडले. साखर ४४. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलमध्ये एका तरुण डॉक्टरीण बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की यांच्यासाठी ८ पर्यंत चालेल. मी भांडलो तिच्याशी. मला वाटलं म्हातारा माणूस म्हणून सोडून देतायत. मग घरी येऊन वाचलं. २००८ साली अमेरिकेतल्या ॲकॉर्ड अभ्यासात हृदयविकाराचा धोका असलेल्या मोठ्या वयाच्या डायबेटिसवाल्यांचा एचबीए१सी ६ च्या खाली आणायचा खटाटोप केला होता, तर त्या गटात मृत्यू *जास्त* झाले आणि तो भाग वेळेआधी थांबवावा लागला. आकडा खाली म्हणजे माणूस सुरक्षित, हे माझं गणित होतं.

अजून एक. त्यांच्या पायांना सूज यायची, मी मीठ तोडलं, पाणी मोजलं, तरी सूज. शेवटी कळलं, साखरेसाठी पायोग्लिटाझोन चालू होतं. ते शरीरात पाणी धरून ठेवतं, हार्ट फेल्युअरमध्ये देऊच नये असं औषध. हृदय बिघडण्याच्या आधीपासून चालू होतं, मग कुणी मागे वळून पाहिलं नाही. मीही नाही, आणि गोळ्यांची डबी दर रविवारी मीच भरत होतो.

सुन्नतळवे

@बाबांचामुलगा, डबी भरणाऱ्याचा दोष नसतो हो.

मला वेगळंच बोलायचंय, विषयांतर वाटलं तर क्षमा. या सगळ्यात जे थकायला होतं त्याबद्दल. मी एकदा मोजलं होतं. एका महिन्यात नऊ वेळा मी कुठल्या ना कुठल्या वेटिंग रूममध्ये बसले. प्रत्येक जण आपल्या आजाराचा एक छोटा गृहपाठ देतो. पाय रोज बघा, बीपी लिहा, मीठ कमी, प्रथिनं बेताची, व्यायाम करा, पण गुडघ्यावर भार नको, ताण घेऊ नका. शेवटचं वाक्य ऐकलं की मला हसूच येतं.

मध्ये दोन महिने मी मीटरला हात लावला नाही. आळस नव्हता, आकडा बघायची भीती वाटायची. प्रत्येक आकडा म्हणजे प्रगतिपुस्तक. शेवटी एका डॉक्टरांना सांगून टाकलं की मला सगळं मिळून झेपत नाहीये, कुठल्या दोन गोष्टी केल्या तर सगळ्यात जास्त फायदा? त्यांनी पेन खाली ठेवलं, विचार केला आणि म्हणाले, पाय आणि बीपी. बाकीचं तीन महिने जरा ढिलं सोडा. त्या दिवशी मी रिक्षात रडले, बरं वाटून.

रफवही

हा प्रश्न चोरतो आहे.

काठावर

माझं एक भर: हल्ली किडनी आणि हृदय दोन्हींसाठी एसजीएलटी२ गटातली औषधं देतात, डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वगैरे. मला दिलंय आणि किडनीची घसरण मंदावली. पण दोन गोष्टी मला कुणी आधी सांगितल्या नव्हत्या. लघवीच्या तपासणीत साखर कायम भरपूर येणार, औषधाचं कामच ते आहे, घाबरायचं नाही. आणि उलट्या होत असतील, खाणं बंद असेल तर हे थांबवायचं, कारण मीटरवर साखर फारशी वर नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. ऑपरेशनच्या तीन दिवस आधी हे बंद करायचं असतं. माझा मोतीबिंदू पुढे ढकलला गेला तो मी हे भूलतज्ज्ञांना न सांगितल्यामुळे.

आजारी पडल्यावर कुठल्या गोळ्या थांबवायच्या आणि कुठल्या काही झालं तरी नाही, हे प्रत्येकाने ताप यायच्या आधी डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. ताप आल्यावर डोकं चालत नाही.

रफवही

टाइप १ वाल्यांनी खास लक्ष द्या: खाल्लं नाही म्हणून मूळचं (जेवणाशी संबंध नसलेलं, दिवसभर पुरणारं) इन्सुलिन थांबवायचं नाही. कधीच नाही.

आठगोळ्या

तीन आठवड्यांनी येतेय.

एका कागदावर सगळं लिहिलं. डावीकडे चालू औषधं, कुणी दिलं, कशासाठी. उजवीकडे वर्षभरात बंद झालेली, तारखेसह. खाली क्रिएटिनिन, पोटॅशियम, हिमोग्लोबिन. काउंटरवरून घेतलेल्या गोळ्याही लिहिल्या, जरा लाजतच. हा कागद घेऊन आमच्या जुन्या फॅमिली फिजिशियनकडे गेले. स्पेशालिस्ट मिळाल्यापासून मी त्यांच्याकडे जाणंच सोडलं होतं. त्यांनी चष्मा वर करून दहा मिनिटं कागद वाचला, मग शुगरच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन लावला.

ग्लिमेपिराइड बंद. इन्सुलिन २४ वरून १४, मेटफॉर्मिन निम्मं. डायक्लोफेनॅक घरातूनच हद्दपार, त्याऐवजी लावायचं मलम आणि पॅरासिटामॉल, तेही मोजून. मेटोप्रोलॉल का सुरू केलं होतं हे मलाही आठवेना, बीपीवाल्यांना विचारून ठरवणार. बी१२ कमीच निघालं, त्याची इंजेक्शनं चालू.

क्रिएटिनिन १.४ वर आलंय, पोटॅशियम ४.८. गेल्या सोळा रात्री सलग झोपले. पहिल्या रात्री नवऱ्यानेच तीनचा गजर लावला होता, मोजलं तर ११८, तो मीटर हातात धरून तसाच बसला होता थोडा वेळ.

सकाळची साखर आता १३५-१५० येते. शुगरचे डॉक्टर म्हणाले, पुढचा एचबीए१सी ७ च्या वर येईल आणि मला तो तसाच हवाय. घरी सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, अगंबाई, परत वाढली का? त्यांना समजावण्याचं काम चालू आहे.

शिस्तप्रिय

७ च्या वर आल्यावर इथे येऊन सांगा. अभिनंदन करायचंय. या वेळी पूर्ण वाचून.

पडद्यामागे

उत्तम. तो कागद दर वेळी नवा करा, तारीख टाका आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. उजवी बाजू विसरू नका.

नवीनच

नमस्कार, आजच सभासद झाले. आईचं वय ७१, डायबेटिस आणि बीपी, गेल्या वर्षी किडनी थोडी खराब झाली. काहीच न बदलता तिचा एचबीए१सी ७.८ वरून ६.२ आलाय. आम्ही सगळे खूश होतो. काल हा धागा वाचला आणि रात्रभर झोप नाही. ती पहाटे कधी कधी असंबद्ध बोलते, आम्हाला वाटलं झोपेत बोलते. आज रात्री तीनला उठवून मोजू का?

रफवही

मोजा. हात धुऊन. आणि ग्लुकोज आधीच शेजारी काढून ठेवा. ७० च्या खाली आलं तर ते आधी द्या, ती नीट गिळत असेल तरच. गिळत नसेल किंवा उठतच नसेल तर तोंडात काही घालू नका, ताबडतोब हॉस्पिटल. आकडा काहीही येवो, ती असंबद्ध बोलते हे डॉक्टरांना सकाळी फोन करून सांगाच.

नवीनच

३.०५ ला ५२. ग्लुकोज दिलं, गिळलं तिने नीट. आता ९४. मला ओळखतेय, चिडलीय झोप मोडली म्हणून. आठ वाजता डॉक्टरांना फोन करते.